कॅमेरा शिकताना नजर कशी बदलते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात हौशी मंडळींना कॅमेरा शिकवताना जे प्रश्न हटकून येतात, ते इथे एकत्र केले आहेत. ‘कोणता कॅमेरा घेऊ?’ हा प्रश्न मुद्दाम शेवटाकडे ढकलला आहे. तो आधी आला की पुढचं कोणी वाचत नाही.

समोर इतकं सुंदर दिसत होतं, फोटोत ते का आलं नाही?

डोळ्यांना काय दिसतं याबद्दल आपला समज जरा जास्तच उदार असतो. हात लांब करून अंगठ्याचं नख बघा. साधारण तेवढाच, म्हणजे दोनेक अंशांचा भाग डोळा एका वेळी स्वच्छ बघतो. बाकीचं धूसर असतं. पण डोळा सेकंदाला तीनेक वेळा जागा बदलतो आणि मेंदू ते तुकडे जुळवून अख्खं दृश्य उभं करतो. जुळवताना नको ते गाळतो. पर्वतीवरून सूर्यास्त बघताना मध्ये आलेली विजेची तार, कुणाच्या तरी गच्चीवरची काळी टाकी आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स यांच्यावरून तुमचे डोळे फिरलेले असतात, पण मनात फक्त सूर्य उरतो. कॅमेऱ्याला असं गाळता येत नाही. तो फ्लेक्सवरच्या भाऊंना सूर्याइतक्याच निष्ठेने टिपतो.

उजेडाचंही तेच. भर दुपारी बाहेरून घरात आलात की क्षणभर अंधारी आल्यासारखं होतं, मग सगळं नेहमीसारखं दिसतं. प्रत्यक्षात उन्हात एक लाख लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड असतो आणि ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत शे-दोनशे. पाचशे ते हजार पटींचा हा फरक डोळा पोटात घालतो. कॅमेऱ्याला तो एका फोटोत पेलवत नाही: खिडकीबाहेरचं झाड दिसावं तर आत बसलेली आजी काळी पडते, आजी दिसावी तर खिडकी पांढरीफटक होते.

रंगांत तर मेंदू सरळ खोटं बोलतो. पांढरा सदरा पिवळ्या बल्बखालीही आपल्याला पांढराच दिसतो, कारण मेंदू बल्बचा पिवळेपणा वजा करतो. उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात, आकडा वाढला की उजेड निळसर होत जातो: बल्बचा उजेड ३००० केल्व्हिनच्या आसपास, दुपारचं ऊन ५५०० च्या आणि निरभ्र दिवशीची सावली ७००० च्याही पुढे. मंडईबाहेर निळ्या ताडपत्रीखाली बसलेल्या भाजीवाल्या मावशींचा चेहरा खरोखर निळसर असतो. फोटो बघून लोक म्हणतात, कॅमेऱ्याचा रंग बिघडलाय. कॅमेरा बरोबर असतो.

सुरुवातीच्या काळात शिकायचं असतं ते हे: मेंदू आपल्यापासून काय काय लपवतो. बटणं त्या मानाने सोपी आहेत.

‘नजर बदलते’ म्हणजे नेमकं काय बदलतं? डोळे तर तेच असतात.

डोळे तेच, पण त्यांना घातलेला प्रश्न वेगळा. रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी लोकांना एकच चित्र दाखवून वेगवेगळे प्रश्न विचारले: या माणसांची वयं काय असतील? हे कुटुंब श्रीमंत आहे का? प्रत्येक प्रश्नासरशी त्याच माणसाच्या डोळ्यांनी त्याच चित्रावर निराळी वाट धरली. वय विचारलं की डोळे चेहऱ्यांवर, श्रीमंती विचारली की सामानावर आणि कपड्यांवर. या कामावरचं त्यांचं पुस्तक १९६७ मध्ये इंग्रजीत आलं.

२००७ मध्ये फोग्ट आणि मॅग्नुसेन या नॉर्वेतल्या संशोधकांनी चित्रकारांची आणि चित्रकलेशी संबंध नसलेल्यांची नजर मोजली. सामान्य माणसं चित्रातल्या माणसांकडे आणि ओळखीच्या वस्तूंकडे बघत राहिली. चित्रकारांचे डोळे भिंती, मोकळ्या जागा, आकार यांवरही फिरले. अभ्यास चित्रकारांचा होता, पण कॅमेरा शिकणाऱ्यांत मला हेच दिसतं. नवखा माणूस ‘इथे काय आहे?’ विचारत हिंडतो. हळूहळू तो ‘उजेड कुठून येतोय?’, ‘मागे काय आहे?’, ‘आता काय होणार आहे?’ असं विचारायला लागतो. रस्ता तोच, चहाची टपरीही तीच, पण बघायला वेळ जास्त लागतो.

शिकण्याचे टप्पे असतात का?

ठरलेले नसतात, पण क्रम बहुतेकांचा सारखाच दिसतो. आधी वस्तू: फूल, मांजर, देवळाचा कळस, सगळं फ्रेमच्या मधोमध. मग उजेड कळायला लागतो. मग फ्रेमच्या कडा, त्यानंतर पार्श्वभूमी. वेळ साधणं, म्हणजे थांबून राहणं, त्याच्याही नंतर येतं. सर्वांत शेवटी माणसाच्या किती जवळ जायचं ते, आणि तिथे तंत्रापेक्षा स्वभाव आडवा येतो. काहीजण थेट माणसांपासून सुरुवात करतात आणि कडांकडे कधीच बघत नाहीत. त्यांचे फोटो तांत्रिकदृष्ट्या गचाळ आणि बघायला मात्र छान असतात.

मॅन्युअल मोड, म्हणजे सगळे आकडे स्वतः ठरवणं, शिकलाच पाहिजे का?

मुंजीसारखा संस्कार म्हणून नको. उजेड ओळखायला शिकण्यासाठी मात्र त्याच्याइतकं चांगलं साधन नाही.

जुन्या फिल्मवाल्यांचा एक ठोकताळा आहे. लख्ख ऊन असेल तर ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक; एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं) एफ १६ ठेवायचं आणि शटर स्पीड (शटर उघडं राहण्याची वेळ) आयएसओच्या, म्हणजे फिल्म किंवा सेन्सर उजेडाला किती संवेदनशील आहे त्याच्या, आकड्याएवढा: आयएसओ १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग, कॅमेऱ्यावर जवळचा आकडा १/१२५. पातळ ढग आले की एफ ११, ढगाळ असेल तर एफ ८, आभाळ गच्च भरलं की एफ ५.६, आणि निरभ्र दिवशीच्या मोकळ्या सावलीत एफ ४. प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो. म्हणजे रस्त्याच्या उन्हाच्या बाजूवरून सावलीच्या बाजूला आलात की उजेड सोळा पटींनी घटतो. डोळ्यांना वाटतं, जरा गार झालं.

सवय अशी लावा: कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी मनात आकडे म्हणायचे, मग कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर बघायचा. सुरुवातीला अंदाज सपशेल चुकतो. चिकाटी ठेवली की एका पायरीच्या आत येतो. आणि मग कॅमेरा नसतानाही उजेड बदललेला जाणवतो, ढग सूर्यावर यायला लागला की मान आपोआप वर जाते.

मीटरचंही एक वेड समजून घ्या. साध्या मीटरला समोर काय आहे हे कळत नाही. जे असेल ते मध्यम करडं असावं अशी त्याची धारणा असते. वारीत पांढऱ्या धोतर-सदऱ्यांनी आणि टोप्यांनी फ्रेम भरली की तो घाबरून उजेड कमी करतो आणि वारकरी मळकट करडे येतात. तिथे एक स्टॉप, म्हणजे उजेडाची एक पायरी, वाढवायचा. काळ्या कातळावर उलटं, तिथे कमी करायचा. कोणत्या प्रसंगी मीटर फसेल हे आधी ओळखता आलं की मॅन्युअल वापरा नाहीतर ऑटो, फारसा फरक पडत नाही.

झूम बंद करायला का लावता?

झूम असला की माणूस जागेवरून हलत नाही. आणि फोटोतल्या जवळ-लांबच्या वस्तूंचं नातं ठरतं ते तुम्ही कुठे उभे आहात यावरून. लेन्स फक्त त्यातला किती भाग घ्यायचा ते ठरवते. मोबाइलच्या सेल्फीत नाक मोठं दिसतं, त्याचा दोष लेन्सला दिला जातो. खरं कारण एवढंच की कॅमेरा चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो, त्यामुळे नाक कानांपेक्षा प्रमाणाबाहेर जवळ पडतं. चार पावलं मागे जाऊन तोच चेहरा घ्या आणि नंतर फोटो कातरा, नाक ताळ्यावर येतं.

किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी झूम लेन्स) असेल तर ती ३५ मिलिमीटरवर ठेवून चिकटपट्टी लावा. एपीएस-सी या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ते जुन्या ५० मिलिमीटरसारखं पडतं. आन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यातलं बहुतेक काम ५० वरच केलं. काही आठवड्यांनी अशी वेळ येते की कॅमेरा उचलण्याआधीच पाय योग्य जागी जाऊन उभे राहतात. चिकटपट्टी त्यानंतर काढली तरी चालेल.

कडा बघा, कडा बघा, असं सारखं का सांगता?

कारण मधलं तुम्ही बघणारच असता. शटर दाबण्याआधी नजर चौकटीच्या चारही बाजूंनी एकदा फिरवा: अर्धा कापलेला पाय, डोक्यातून उगवलेला खांब, कोपऱ्यातली प्लॅस्टिकची पिशवी. एका सेकंदाचं काम आहे, आणि तेवढंही बहुतेकजण करत नाहीत.

रूल ऑफ थर्ड्सचं, म्हणजे चौकटीचे उभे-आडवे तीन भाग कल्पून मुख्य वस्तू त्या रेषांवर ठेवायच्या नियमाचं काय?

शिकायला दहा मिनिटं लागतात, त्यातून सुटायला दोन वर्षं. मधोमध ठेवलेलं माणूस चूक नसतं. मधोमध ठेवलं आणि आजूबाजूला काहीच बघितलं नाही, ते चूक.

फोटो काढत बसलं की प्रत्यक्ष अनुभव निसटतो का?

हा प्रश्न बहुधा जोडीदाराकडून येतो, आणि त्यात तथ्य आहे. लिंडा हेंकेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना संग्रहालयात फिरवलं. काही वस्तू नुसत्या बघायच्या, काहींचे फोटो काढायचे. २०१४ मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवल्या, जणू लक्षात ठेवायचं काम कॅमेऱ्यावर सोपवून ते मोकळे झाले. पण त्याच प्रयोगमालेत एक गंमत निघाली: वस्तूचा एखादा भाग झूम करून टिपायला सांगितलं तेव्हा ही घट दिसली नाही.

२०१७ मध्ये अलिक्झांड्रा बराश आणि सहकाऱ्यांनी लोकांना काय टिपायचं ते स्वतः ठरवू दिलं. या मंडळींना दिसलेल्या गोष्टी अधिक चांगल्या आठवल्या, ज्यांचे फोटो काढले नव्हते त्याही. मात्र कानावर पडलेली माहिती कमी आठवली. नुसते मनातल्या मनात फोटो ‘काढले’ तरी परिणाम तसाच होता.

दोन्ही एकत्र ठेवले की मला जे रोज दिसतं त्याच्याशी जुळतं. सवाई गंधर्व महोत्सवात मोबाइल वर धरून बसलेल्या माणसाने गाणं ऐकलेलं नसतं आणि धड बघितलेलंही नसतं. तिथे पुढे बसून गायकाचा हात केव्हा उठेल याची वाट बघणारा फोटोग्राफर हात विसरणार नाही. राग कोणता होता ते मात्र विचारू नका. कॅमेरा लक्ष एका बाजूला ओढतो, आणि दुसरी बाजू तेवढी कमी पडते. म्हणून घरच्या लग्नात करवली असाल तर कॅमेरा घरी ठेवा.

डोळ्यांना दिसत नाही ते कॅमेरा दाखवतो, ते कसं?

सगळ्यांत गाजलेला दाखला घोड्याचा. चित्रकार शतकानुशतकं भरधाव घोडा पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेला, हवेत तरंगता असा काढत. एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात धावपट्टीशेजारी कॅमेऱ्यांची रांग लावून घोड्याचे क्रमाने फोटो घेतले. चारही खूर जमिनीवरून उचललेले असतात हे खरं निघालं, पण त्या क्षणी पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. नंतरच्या चित्रकारांना जुना घोडा काढणं अवघड होऊन बसलं. रिंगणातला अश्व एकदा १/१००० वर टिपा आणि स्वतः बघा. मग १/३० वर, त्याच्याबरोबर कॅमेरा फिरवत टिपा. पाय विरघळतात, पताका रेषा होतात आणि वेग दिसतो. यातला खरा घोडा कोणता, यावर वर्गात भांडणं होतात.

दुसरं उदाहरण घरचं. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटांकडे वळण्याआधी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले होते, छायाचित्रण शिकले होते, गोध्र्यात स्टुडिओ चालवला होता. ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसा उभा करायचा होता तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची एकेक चौकट दिवसामागून दिवस टिपली. पडद्यावर अंकुर बघता बघता वेल झाला. वाटाणा उगवताना त्या घरातल्या सगळ्यांनी बघितलाच असेल, पण उगवणं कोणी बघितलं नव्हतं.

आता मला माझे फोटो आधीपेक्षा वाईट वाटायला लागलेत. प्रगती थांबली का?

बहुधा फोटो तसेच आहेत आणि नजर पुढे गेली आहे. निवड करण्याची समज हाताच्या सफाईपेक्षा आधी येते, त्यामुळे मधला काळ चिडचिडीचा जातो. याच वेळी लोक नवी लेन्स घेतात. त्यापेक्षा जुने फोटो काढून पुन्हा निवडा. तेव्हा वगळलेल्या एखाद्या फ्रेमवर आता हात थांबला तर काय बदललं ते कळेल. वीसेक फोटोंचे छोटे प्रिंट काढून जमिनीवर मांडणं सगळ्यांत चांगलं. पडद्यावर बोट सरकत राहतं, जमिनीवर मात्र एकच चूक पाच फोटोंत शेजारीशेजारी दिसते.

वारीचे फोटो सगळ्यांचे सारखेच का दिसतात?

दिवे घाटात सगळे एकाच वळणाच्या वर जाऊन बसतात म्हणून. खाली माणसांची नदी, बाजूला हिरवा डोंगर. फोटो छान येतो, येणारच, जागाच तशी आहे. पण तो घाटाचा फोटो असतो. माउलींच्या पालखीसोबत पुण्याहून सासवडपर्यंत चालून बघा. दुपारी झाडाखाली पाय चेपत बसलेल्या बायका, टँकरखालची अंघोळ, ट्रकच्या बाजूला वाळत घातलेली नऊवारी, तुळशीवृंदावन डोक्यावरून उतरवल्यावर मान हलवून बघणारी आजी. हे दिसायला दमावं लागतं. दमलेला माणूस दमलेल्यांत मिसळतो, आणि मग कॅमेऱ्याकडे कोणी वळून बघत नाही.

अनोळखी लोकांचे फोटो काढायची भीती वाटते.

वाटू दे, ती थोडी असलेलीच बरी. लांबून टेलिफोटोने चोरून टिपणं हा भित्रा उपाय आहे आणि फोटोत तो भित्रेपणा दिसतो. जवळ जा, काहीतरी विकत घ्या, बोला. “मावशी, एक फोटो काढू का?” याला आपल्याकडे बहुतेक वेळा ‘थांब, पदर नीट करते’ असं उत्तर मिळतं. पदर नीट करतानाचा फोटो नंतरच्या पोझपेक्षा चांगला असतो. नाही म्हटलं तर नाही. लहान मुलांच्या बाबतीत सोबतच्या मोठ्यांना विचारल्याशिवाय नकोच. आणि प्रिंट नेऊन देतो म्हणालात तर न्या. दुसऱ्यांदा गेलेल्या माणसाला जे दिसतं ते पहिल्या फेरीत दिसत नाही.

कोणाचे फोटो बघावेत?

रोज स्क्रीनवर येणारे सोडून दुसरं काहीही. तरी नावं हवीत तर होमाई व्यारावाला. जे. जे. मध्ये शिकलेल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीची त्यांची छायाचित्रं पतीच्या नावावर छापली जात. अवजड कॅमेरा घेऊन समारंभांत वावरताना त्या थोर माणसं थोर दिसायचं विसरतील तो क्षण गाठत. नारायण विनायक विरकर यांनी जालियनवाला बागेतल्या हत्याकांडानंतर तिथल्या गोळ्यांच्या खुणा असलेल्या भिंती टिपल्या. त्या भिंतींशेजारी उभी राहून खुणा दाखवणारी माणसं बघा, पुरावा कसा रचायचा ते कळेल. आणि रघुबीर सिंह यांची रंगीत मुंबई: काचा, आरसे, प्रतिबिंबं, एका चौकटीत चार रस्ते. तो गोंधळ नीट बघितला की कळतं, तिथे एकही कोपरा आपसूक भरलेला नाही.

मुंबईत असाल तर नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात छायाचित्रांसाठी ओळखली जाणारी पिरामल गॅलरी आहे. भिंतीवरचा प्रिंट पाच मिनिटं बघायची सवय तिथे लावता येते.

कृष्णधवल काढल्याने नजर सुधारते?

काही काळापुरती, हो. हिरवा खण आणि लाल काठ रंगात एकमेकांपासून उठून दिसतात, कृष्णधवलमध्ये दोन्ही एकच करडे होऊ शकतात. त्यामुळे रंगाच्या आधाराशिवाय उजळ-गडद बघायची सवय होते. वाईट फोटो गंभीर दिसावा म्हणून कृष्णधवल करू नका.

कॅमेरा नसतानाही फ्रेमा दिसतात. घरचे वैतागलेत.

जेवताना ताटावर खिडकीचा उजेड कसा पडलाय ते मोठ्याने सांगू नका. बाकी इलाज नाही.

मोबाइल पुरेसा आहे का? नाहीतर कोणता कॅमेरा घेऊ?

बघायला शिकण्यासाठी मोबाइल चालतो, एका अडचणीसह. तो अनेक फ्रेमा जोडून सावल्या उजळवतो, आकाश गडद करतो, रात्रीची संध्याकाळ करतो. म्हणजे डोळ्यामागचा मेंदू जी लबाडी करतो तीच तोही करतो, आणि तुमची चूक तुम्हाला दिसत नाही. पडद्यावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, सूर्याचं चिन्ह खाली ओढून फोटो मुद्दाम गडद घ्या. तेवढ्यानेही उजेड बघायला सुरुवात होते.

कॅमेरा घ्यायचाच असेल तर वापरलेला घ्या, कोणत्याही कंपनीचा, हातात नीट बसणारा. वाचलेल्या पैशांचे प्रिंट काढा.

आजोबांचा फिल्म कॅमेरा कपाटात आहे. वापरता येईल?

आधी लेन्स उजेडासमोर धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतं का बघा. आपल्या पावसाळ्यात, त्यातही मुंबई-कोकणात, बुरशी हमखास लागते. मग मागचं दार उघडून कडांचा काळा फोम चिकट झालाय का बघा. झाला असेल तर आत उजेड शिरेल, पण तो बदलता येतो. शटर रिकामंच एक सेकंदावर आणि १/१२५ वर दाबून आवाजातला फरक ऐका. सगळं ठीक असेल तर एक रोल घाला. ३६ फोटो मिळतील आणि धुऊन येईपर्यंत काय आलंय ते कळणार नाही, म्हणून प्रत्येक फ्रेमचे आकडे वहीत लिहून ठेवा. मीटर बंद पडलेला असला तरी हरकत नाही, वरचा एफ १६ चा ठोकताळा आहेच.